क्रांतिकारी विचार त्याच्या जनकापाशी का थांबत नाही?

उत्तररात्र

गेले काही महिने फ्रेंच राज्यक्रांतीवर वाचते आहे आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्यावर इतरांचं काय मत आहे ते ऐकायचं आहे, म्हणून हा धागा.

२६ ऑगस्ट १७८९ला फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेनं मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. पहिलंच कलम सांगतं की माणसं स्वतंत्र आणि समान हक्कांची म्हणून जन्मतात आणि तशीच राहतात. त्याच दिवशी कॅरिबियन समुद्रातल्या सँ-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत सुमारे पाच लाख गुलाम उसाच्या नि कॉफीच्या मळ्यांत राबत होते. फ्रान्सच्या बंदरांची श्रीमंती त्यांच्या कष्टांवर उभी होती. सभेत गुलामगिरीविरुद्ध बोलणारे मूठभर लोक होते, पण बहुतेकांनी हा विषय बाजूला सारला. पहिल्या कलमाचा सरळ अर्थ लावला तो गुलामांनी. ऑगस्ट १७९१मध्ये मळे पेटले. १७९३मध्ये वसाहतीतल्या फ्रेंच प्रतिनिधींना तिथे मुक्ती जाहीर करावी लागली आणि ४ फेब्रुवारी १७९४ला पॅरिसनं ती सर्व वसाहतींसाठी मान्य केली. १८०१च्या अखेरीस नेपोलियननं सैन्य पाठवलं आणि १८०२मध्ये वसाहतींतली गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली. हे सैन्य हरलं, आणि १ जानेवारी १८०४ला ही वसाहत हैती या नावानं स्वतंत्र झाली. पुढे १८२५मध्ये फ्रान्सनं या देशाला मान्यता देण्यासाठी १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. मळेवाल्यांचं जे नुकसान झालं त्याची भरपाई! आणि त्या 'नुकसानी'त मुक्त झालेली माणसंही मोजलेली होती.

दुसरं उदाहरण फ्रेंच लेखिका ओलँप द गूज हिचं. १७९१मध्ये तिनं त्याच जाहीरनाम्याच्या साच्यात स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क आहे, तर तिला व्यासपीठावर चढण्याचाही हक्क असला पाहिजे, असं तिचं म्हणणं. ३ नोव्हेंबर १७९३ला तिला गिलोटिनखाली मारलं.

मला वाटतं ते असं. खरोखर क्रांतिकारी असलेला विचार मांडणाऱ्याच्या मुठीत राहत नाही. मांडणारा एका पायरीपाशी थांबतो, पुष्कळदा पुढची वाट अडवायला उभाही राहतो. पुढे जातात ते लोक, ज्यांना त्यानं हिशेबातच धरलेलं नसतं. राजकारणात हे मला स्पष्ट दिसतं. विज्ञानात आणि कलेतही असंच घडतं का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

वेधशाळा

उत्तम विषय. खगोलशास्त्रापुरतं सांगतो, कारण तिथे तुमचं म्हणणं जवळजवळ शब्दशः लागू पडतं.

कोपर्निकसचा ग्रंथ १५४३चा. सूर्य मध्ये, पृथ्वी त्याच्याभोवती. पण ग्रहांची गती वर्तुळाकारच असली पाहिजे हा दोन हजार वर्षांचा जुना आग्रह त्यानं सोडला नाही. उलट त्या आग्रहाखातर त्यानं वर्तुळांवर छोटी वर्तुळं चढवली, त्यामुळे त्याची मांडणी पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या प्राचीन टॉलेमीच्या मांडणीपेक्षा फारशी सोपी राहिली नाही आणि भाकितंही फार अचूक झाली नाहीत.

वर्तुळ मोडलं केप्लरनं. त्याच्याकडे टायको ब्राहेची निरीक्षणं होती, दुर्बिणीपूर्वीच्या काळातली सर्वांत अचूक. मंगळाची कक्षा वर्तुळातून बसवताना गणित आणि निरीक्षण यांत ८ कलांचा फरक उरत होता. ८ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण पाव भाग. दुसऱ्या कुणी तो निरीक्षणातला दोष म्हणून सोडून दिला असता. केप्लरला टायकोची मोजमापं ठाऊक होती, टायको एवढा चुकणार नाही हे त्याला माहीत होतं. त्या ८ कलांपायी त्यानं केलेलं सगळं काम टाकून दिलं आणि अखेर लंबवर्तुळापाशी पोचला. ग्रंथ १६०९चा. मला विज्ञानाच्या इतिहासात यापेक्षा प्रामाणिक क्षण फार थोडे माहीत आहेत.

यात दोन गोष्टी तुमच्या मुद्द्याच्या आहेत. ज्या टायकोच्या आकड्यांवर हे उभं राहिलं तो स्वतः पृथ्वी फिरते हे मानत नव्हता. आणि ज्या गॅलिलिओनं कोपर्निकसपायी उतारवयात नजरकैद भोगली, त्यानं १६३२च्या आपल्या ग्रंथात केप्लरच्या लंबवर्तुळांना जागाच दिली नाही. तो शेवटपर्यंत वर्तुळातच राहिला.

अनाग्रही

वेधशाळा, माहिती छान, पण टायको चुकला आणि कोपर्निकस बरोबर होता हे आज आपल्याला ठाऊक आहे म्हणून टायको हटवादी वाटतो. त्या काळातल्या शहाण्या माणसानं कोणाचं ऐकायला हवं होतं? नवा विचार आला की विरोध करणारे सगळे प्रतिगामी, हा चष्मा मला धोक्याचा वाटतो.

वेधशाळा

अनाग्रही, टायकोला मी हटवादी मानत नाही. त्याचा आक्षेप भक्कम होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतरानं पाहिल्यावर जवळचे तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत. याला पराशय म्हणतात. टायकोला तो दिसला नाही. कोपर्निकसचं उत्तर असं की तारे फार म्हणजे फारच लांब आहेत. हे उत्तर बरोबर होतं, पण त्या वेळी ते सोयीचं गृहीतक वाटणं साहजिक होतं.

पराशय पहिल्यांदा खात्रीनं मोजला बेसेलनं, १८३८मध्ये, हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचा. कोन एका विकलेच्या (कलेच्या साठाव्या भागाच्या) तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. कोपर्निकसच्या ग्रंथानंतर २९५ वर्षांनी टायकोच्या प्रश्नाला थेट उत्तर मिळालं. तोवर बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी पृथ्वीचं फिरणं केव्हाच मान्य केलं होतं, कारण केप्लर आणि न्यूटन यांच्या मांडणीतून इतकं काही सुटत गेलं की उरलेल्या एका प्रश्नासाठी थांबायला कुणाला सवड नव्हती. म्हणजे पुरावा पूर्ण होईपर्यंत क्रांती थांबत नाही. ही गोष्ट मला आजही पूर्ण पचलेली नाही.

ताम्रपट

राजकारणातले माझ्या मते सर्वांत दुःखद उदाहरण जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे आहे.

१५१७ साली विटेनबर्ग येथे त्याने पापक्षमेच्या विक्रीविरुद्ध ९५ प्रमेये मांडली. १५२२ साली बायबलच्या नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही, प्रत्येक श्रद्धावानाने धर्मग्रंथ स्वतः वाचावा, हा त्याचा विचार छापखान्याच्या बळावर गावोगाव गेला.

तो शेतकऱ्यांनी वाचला, किंवा वाचून घेतला. मार्च १५२५मध्ये मेमिंगेन शहरात दक्षिण जर्मनीतल्या शेतकऱ्यांच्या बारा मागण्या लिहिल्या गेल्या. आमचा धर्मोपदेशक आम्ही निवडू, ही पहिली. तिसऱ्या मागणीत भूदासत्वाला नकार आहे : ख्रिस्ताने आपले रक्त सांडून आम्हा सर्वांना, मेंढपाळाला आणि सरदाराला सारखेच, सोडवले आहे, मग आम्ही कुणाच्या मालकीचे कसे? शेवटच्या कलमात ते म्हणतात, यातली एखादी मागणी धर्मग्रंथाशी विसंगत आहे असे दाखवून द्या, आम्ही ती मागे घेऊ. ल्यूथरचीच वादाची पद्धत त्यांनी उचलली होती.

ल्यूथरने आधी दोन्ही बाजूंना खडसावले, सरदारांनाही. पण उठाव भडकल्यावर त्याने शेतकऱ्यांना दयामाया न दाखवता ठेचून काढा असे सांगणारी पुस्तिका लिहिली. १५ मे १५२५ रोजी फ्रांकेनहाउझेनपाशी शेतकऱ्यांची कत्तल झाली. सबंध युद्धातल्या मृतांचा अंदाज एक लाखापर्यंत जातो.

ल्यूथरची बाजू अशी की त्याने स्वातंत्र्य आत्म्याचे सांगितले होते, जमिनीचे आणि वेठीचे नव्हे. त्याच्या दृष्टीने तो सुसंगतच होता. ज्याची पाठ वेठबिगारीने वाकली आहे त्याला मात्र आत्मा आणि जमीन यांतली ही रेषा कुठे सापडणार?

सांजवात

वाचतेय. ताम्रपट, शेवटचं वाक्य मनाला लागलं.

रेघोट्या

कलेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते.

कलेतली क्रांती विचारातून होते असं आपण म्हणतो, पण तिच्या पायाशी बरेचदा साधं साहित्य असतं. १८३९मध्ये दागेरच्या छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली आणि हुबेहूब नोंद करण्याचं काम चित्रकाराच्या हातून निसटायला लागलं. १८४१मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं रंगासाठी कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवत. भोक पाडलं की रंग वाळायला सुरुवात. ट्यूबमुळे रंगपेटी उचलून नदीकाठी, शेतात, स्टेशनात जाणं आणि तिथेच चित्र पुरं करणं सोपं झालं. मोने आणि त्याच्या मित्रांचा प्रकाश त्या ट्यूबमधून बाहेर आला म्हटलं तरी चालेल. १५ एप्रिल १८७४ला त्यांनी पॅरिसमध्ये नादारच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. लुई लरुआ या टीकाकारानं मोनेच्या एका चित्राच्या नावातल्या 'इम्प्रेशन' या शब्दावरून त्यांची टर उडवली, आणि पुढे इम्प्रेशनिझम हेच नाव या चळवळीला चिकटलं.

आता उत्तररात्र यांचा मुद्दा. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी १९०७ ते १९१४च्या दरम्यान वस्तू फोडली. यालाच घनवाद म्हणतात. एकाच गिटारची पुढची बाजू, कड, भोक, सावली, सगळं एका सपाट कॅनव्हासवर. १९११च्या आसपासची त्यांची चित्रं पाहा, त्यात माणूस शोधावा लागतो. आणखी एक पाऊल आणि वस्तू नाहीशीच झाली असती. ते पाऊल दोघांनीही टाकलं नाही. गिटार, बाटली, वर्तमानपत्र, काहीतरी त्यांनी धरूनच ठेवलं. चित्राची सुरुवात कशापासून तरी करावीच लागते, असं पिकासो पुढेही म्हणत राहिला.

पुढचं पाऊल टाकलं दुसऱ्यांनी. मोंद्रियान घनवाद शिकायला पॅरिसला आला आणि त्यातून सरळ आडव्या-उभ्या रेषांपर्यंत गेला. मालेविचनं डिसेंबर १९१५मध्ये पेत्रोग्रादच्या प्रदर्शनात काळा चौकोन लावला, तोही खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे रशियन घरांत देवाची तसबीर लावतात. मला तो चौकोन आवडतो. त्याकडे बघताना आपण किती गोष्टींची अपेक्षा घेऊन चित्रासमोर उभे राहतो ते कळतं.

पण कलेत आणि विज्ञानात एक मोठा फरक आहे आणि तो या धाग्यात हरवू नये. केप्लर आला की वर्तुळांवरची वर्तुळं गेली, त्यांचा उपयोग आता इतिहासापुरता. मालेविच आला म्हणून रेम्ब्रांट गेला नाही. कलेत नवा विचार जुन्याला खोटं पाडत नाही, शेजारी नवं दार उघडतो. म्हणून तिथे 'पुढचं पाऊल' हा शब्द मी वापरला खरा, पण जपून वाचा. पिकासो थांबला ते भीतीनं की त्याला तिथेच अजून खणायचं होतं म्हणून? त्यानंतर साठ वर्षं तो खणतच होता.

आणि एक. १९०७मध्ये पिकासोनं पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकन मुखवटे पाहिले आणि तो हादरला. चेहऱ्याची अशी रचना करणारे कारागीर आधीच होते, त्यांची परंपरा होती. त्यांची नावं संग्रहालयांनी लिहूनसुद्धा ठेवली नाहीत. क्रांतीचा जनक कोण, हे ठरवताना कुणाची नोंद झाली तेवढंच आपण मोजतो.

अनाग्रही

रेघोट्या, फार सुंदर प्रतिसाद. शेवटच्या परिच्छेदाला विशेष अनुमोदन.

माझा मूळ धाग्यावरचा आक्षेप मात्र कायम आहे. 'जनक थांबतो, इतर पुढे जातात' या मांडणीत पुढे जाणं नेहमी चांगलंच आहे असं गृहीत धरलंय. विचार पुढे जाऊन वाईटही होतो. ३० मे १७९१ला फ्रेंच क्रांतीचा नेता रोबेस्पिएर यानं राष्ट्रीय सभेत फाशीची शिक्षा रद्द करा म्हणून भाषण केलं. मनापासून केलेलं आणि युक्तिवादानं भक्कम असं भाषण. तीन वर्षांनी, १० जून १७९४ला, त्याच्याच पाठिंब्यानं असा कायदा आला की क्रांतीच्या न्यायालयात आरोपीला वकील मिळणार नाही आणि शिक्षा एकच, मृत्यू. दोन्ही वेळी तो लोकांच्या हक्काबद्दलच बोलत होता. इथे विचार पुढे नेणारा दुसरा कुणी नव्हता, तोच माणूस होता.

विज्ञानातलं उदाहरण सोव्हिएत शेतीतज्ज्ञ लायसेंकोचं. जनुकशास्त्र म्हणजे भांडवलदारांचं थोतांड आणि आमचं शेतीशास्त्र क्रांतिकारी, असा त्याचा दावा. ऑगस्ट १९४८मध्ये सोव्हिएत कृषी अकादमीच्या अधिवेशनात तो अधिकृत सिद्धांत ठरला, विरोधक नोकरीतून गेले. त्याच्या आधीच निकोलाय वाविलोव्ह गेला होता. जगभर हिंडून धान्याच्या वाणांचा प्रचंड संग्रह करणारा हा माणूस १९४० साली पकडला गेला आणि जानेवारी १९४३मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीनं मेला. त्याच सुमारास वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये त्याचे सहकारी त्या बियाण्यांची राखण करत होते. त्यांतले काही भुकेनं मेले, पण संग्रहातलं धान्य त्यांनी खाल्लं नाही.

हे लिहिताना हात थांबतो. क्रांतिकारी कोण होतं यात? सगळी सत्ता 'क्रांती' म्हणणाऱ्याकडे होती.

उत्तररात्र

अनाग्रही, तुमचा आक्षेप मला मान्य करण्याजोगा वाटतो, आणि त्यात हैतीची एक बाजू जोडते. तूसँ लुव्हेर्त्युर हा त्या क्रांतीचा सर्वांत मोठा नेता, स्वतः गुलामगिरीत जन्मलेला. १८०१मध्ये त्यानं वसाहतीसाठी राज्यघटना केली. गुलामगिरी कायमची संपली, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं. त्याच घटनेनं त्याला तहहयात गव्हर्नर केलं आणि त्याच्या राजवटीत मुक्त झालेल्या लोकांना मळे सोडून जायची मोकळीक नव्हती. सैन्यासाठी आणि शस्त्रांसाठी निर्यात हवी, निर्यातीसाठी साखर हवी, साखरेसाठी मोठे मळे हवेत, असं त्याचं गणित. लोकांना हवी होती स्वतःची जमीन, लहान का असेना. त्यांनी बंड केलं. त्यांच्याकडे झुकलेला तूसँचा मानलेला पुतण्या मोईझ, सेनापती होता तो, त्याला तूसँनं १८०१मध्येच गोळ्या घालून मारलं. नंतर तूसँ स्वतः फ्रेंचांच्या तुरुंगात, थंडीनं गारठलेल्या डोंगरी किल्ल्यात एप्रिल १८०३मध्ये वारला.

म्हणजे पॅरिस जिथे थांबलं तिथून तूसँ पुढे गेला, आणि तूसँ जिथे थांबला तिथून मळ्यातले लोक पुढे जाऊ पाहत होते. त्या लोकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. मला तूसँबद्दल अपार आदर आहे, तरी हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लायसेंकोबद्दल एवढंच म्हणेन : जो विचार उलट प्रश्न विचारणाऱ्याला तुरुंगात टाकून टिकतो, त्याला मी या धाग्यातल्या क्रांतिकारी विचारांत धरणार नाही. मेमिंगेनचे शेतकरी 'चूक दाखवा, मागणी मागे घेतो' म्हणाले, तो फरक मला महत्त्वाचा वाटतो.

वेधशाळा

भौतिकशास्त्राचा उल्लेख राहू नये. तिथे 'थांबलेल्या जनकां'ची रांगच आहे.

मॅक्स प्लांकनं १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये दाखवलं की तापलेल्या वस्तूच्या उत्सर्जनाचं गणित सुटायचं तर ऊर्जा ठरावीक पुंजांतच मोजावी लागते. त्याला ही गणितातली युक्ती वाटत होती आणि पुढे कित्येक वर्षं तो ती जुन्या भौतिकशास्त्रात बसवू पाहत होता. १९०५मध्ये आइन्स्टाइननं सांगितलं की प्रकाश खरोखरच पुंजांच्या रूपात असतो. १९१३मध्ये आइन्स्टाइनला प्रशियन अकादमीत घ्यावं म्हणून प्लांक आणि इतरांनी शिफारस केली. तिच्यात त्याची तोंड भरून स्तुती आहे, आणि प्रकाशपुंजांच्या बाबतीत त्याचा नेम चुकला असेल तर ते फार मनावर घेऊ नये, अशी विनंतीही. अमेरिकेत मिलिकननं आइन्स्टाइनचं प्रकाशविद्युत समीकरण खोडण्यासाठी अनेक वर्षं प्रयोग केले. १९१६मध्ये त्यानं प्रसिद्ध केलं की समीकरण तंतोतंत बरोबर आहे, पण त्यामागची कल्पना मान्य करण्यासारखी नाही!

मग स्वतः आइन्स्टाइन थांबला. क्वांटम सिद्धांतातली संभाव्यता त्याला अखेरपर्यंत मानवली नाही. १९३५मध्ये त्यानं पोदोल्स्की आणि रोझेन यांच्याबरोबर एक लेख लिहिला. त्याचा आशय असा की हा सिद्धांत पूर्ण मानला तर दूर गेलेले दोन कण एकमेकांशी चमत्कारिकरीत्या जोडलेले राहतात असं म्हणावं लागेल, आणि हे तर अशक्य. १९६४मध्ये जॉन बेलनं या वादातून प्रयोगानं तपासता येईल अशी असमानता काढली. १९७२मध्ये क्लाउझर आणि फ्रीडमन यांनी, १९८२मध्ये आस्पे यांच्या गटानं ती तपासली. कण तसेच वागले, जे आइन्स्टाइनला अशक्य वाटलं होतं. क्लाउझर, आस्पे आणि त्साइलिंगर यांना २०२२चं नोबेल मिळालं.

आता सांगा, आइन्स्टाइननं वाट अडवली की दाखवली? त्याच्याएवढा नेमका आक्षेप कुणी घेतला नसता तर बेलला तपासायला काही मिळालंच नसतं. थांबलेला जनक जर मन लावून आणि स्पष्टपणे हरकत घेत असेल, तर तोही विचार पुढे नेतो. ल्यूथर आणि आइन्स्टाइन या दोघांच्या थांबण्यात मला हा फरक दिसतो.

ताम्रपट

वेधशाळा, फरक पटला. ल्यूथरच्या थांबण्याची किंमत शेतकऱ्यांनी जिवाने मोजली. भौतिकशास्त्रातल्या वादात तसे कुणी मेले नाही. राजकारणात विचार तपासण्याची प्रयोगशाळा म्हणजे माणसांची आयुष्ये असतात, आणि म्हणूनच तिथल्या क्रांतीचे मोजमाप विज्ञानासारखे करता येत नाही.

विचार लांबच्या माणसांच्या हाती जाण्याबद्दल आपल्याकडचे एक उदाहरण द्यायला हवे. थॉमस पेन याचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ १७९१-९२चा, इंग्लंडची राजेशाही आणि जन्मसिद्ध अधिकार यांच्याविरुद्ध लिहिलेला. पेनला फ्रान्सने सन्मानाने संसदेत घेतले. त्याने राजाला ठार मारण्यास विरोध केला आणि १७९३च्या अखेरीस त्यालाच तुरुंगात टाकले. तो ग्रंथ अर्धशतकानंतर पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती आला. जन्माने मिळणारे श्रेष्ठत्व त्यांच्या आजूबाजूला राजवाड्यात नव्हे, घराघरांत होते, आणि त्यांनी पेनचा प्रश्न तिथे नेऊन उभा केला. १८४८ची मुलींची शाळा, १८७३चा सत्यशोधक समाज, ही त्याची पुढची वाटचाल. 'गुलामगिरी' १८७३चीच, आणि ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्याग केला.

या अर्पणपत्रिकेनंतर चारच वर्षांनी, १८७७मध्ये, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांमागचे लष्करी बळ अमेरिकेने काढून घेतले. ज्यांच्याकडून प्रेरणा घेतली ते मागे फिरले, आणि इकडे काम चालूच राहिले.

सांजवात

या चर्चेत एका गोष्टीची भर घालते. त्याच फ्रेंच क्रांतीतून दोन मोजमापं निघाली, मीटर आणि दशमान घड्याळ. मीटर म्हणजे ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. तो ठरवायला देलाँब्र आणि मेशँ यांनी १७९२ ते १७९८ या धामधुमीच्या काळात डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत मोजणी केली. घड्याळाचा दिवस १० तासांचा, तास १०० मिनिटांचा. आठवड्याऐवजी दहा दिवसांचा गट, म्हणजे सुट्टी सातव्याऐवजी दहाव्या दिवशी.

घड्याळ १७९५मध्येच स्थगित झालं, नवं कॅलेंडर १ जानेवारी १८०६पासून गेलं. मीटर मात्र राहिला, तोही सहज नाही. नेपोलियननं १८१२मध्ये जुनी मापं अर्धवट परत आणली आणि १८४०मध्ये मीटर पुन्हा सक्तीचा झाला. कारण मला साधं वाटतं. लांबी-वजनाची जुनी मापं गावोगाव वेगळी होती आणि त्यात गरीब नाडला जाई, क्रांतीपूर्वीच्या तक्रारींत लोकांनी एकच माप मागितलं होतं. घड्याळाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. उलट दहा दिवसांनी सुट्टी म्हणजे कष्टकऱ्याचं नुकसानच. दोन्ही विचार सारखेच तर्कशुद्ध होते. एकामागे लोकांची गरज होती, दुसऱ्यामागे नव्हती.

अनाग्रही

सांजवात, हे अगदी पटलं. 'विचार पुढे कोण नेतं' यापेक्षा 'कुणाला त्याची गरज होती' हा प्रश्न मला जास्त नेमका वाटतो आता. हैतीच्या गुलामांना, मेमिंगेनच्या शेतकऱ्यांना, फुल्यांना गरज होती. पण मग विज्ञानात? लंबवर्तुळाची गरज कुणाला होती?

वेधशाळा

केप्लरला. ८ कलांचा फरक त्याला झोपू देत नव्हता.

गणिती

उशिरा आलो, सगळं एका बैठकीत वाचलं. गणितातून एक वेगळ्या प्रकारचं थांबणं सांगतो, ज्याचा उल्लेख वर आला नाही : विचार सापडूनही तो न मांडणं.

युक्लिडच्या समांतर रेषांच्या गृहीतकाशिवायही (रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा जाते, हे ते गृहीतक) सुसंगत भूमिती रचता येते, हे कार्ल गाउसला फार आधी उमगलं होतं. तो त्या काळातला सर्वश्रेष्ठ गणिती, त्याचा शब्द कुणी मोडला नसता. तरी त्यानं ते छापलं नाही. १८२९च्या एका पत्रात त्यानं कारण दिलं आहे : अडाण्यांच्या आरडाओरड्याची धास्ती. त्याच सुमारास कझानमध्ये लोबाचेव्हस्कीनं आपली मांडणी प्रसिद्ध केली आणि १८३२मध्ये हंगेरीच्या यानोश बोयाय या तरुण लष्करी अधिकाऱ्याची मांडणी वडिलांच्या ग्रंथाची पुरवणी म्हणून आली. वडिलांनी ती गाउसला पाठवली. गाउसनं कळवलं की याची स्तुती करणं म्हणजे माझी स्वतःचीच स्तुती करणं होईल, कारण हे सगळं माझ्या मनात अनेक वर्षं आहे. यानोशचं मन त्या उत्तरानं मोडलं. नंतर त्यानं जवळजवळ काहीच प्रसिद्ध केलं नाही, मागे हस्तलिखितांची हजारो पानं ठेवून गेला. मला या प्रकरणात गाउसची बाजू घेता येत नाही. दोन ओळी जाहीरपणे लिहिल्या असत्या तरी त्या मुलाचं आयुष्य वेगळं झालं असतं.

रेघोट्या

गणिती, हे वाचून वाईट वाटलं. मग ती भूमिती पुढे गेली कशी?

गणिती

गाउसमुळेच, हे विशेष. १८५४मध्ये गटिंगेनला बर्नहार्ड रीमान या तरुणाला अध्यापनाचा अधिकार मिळवण्यासाठी व्याख्यान द्यायचं होतं. रिवाजाप्रमाणे त्यानं तीन विषय सुचवले. पहिल्या दोनांची तयारी झालेली होती, तिसरा होता भूमितीच्या पायाभूत गृहीतकांबद्दल. परीक्षक सहसा पहिला विषय निवडत. गाउसनं तिसरा निवडला. रीमानला तो नव्यानं तयार करावा लागला आणि १० जून १८५४ रोजी त्यानं वाचलेल्या त्या व्याख्यानात अवकाशाची वक्रता जागोजागी वेगळी असू शकते, ही कल्पना आली. गाउस ऐकायला होता. पुढच्या फेब्रुवारीत तो वारला. व्याख्यान छापलं गेलं १८६८मध्ये, तोवर रीमानही गेला होता. १९१५मध्ये गुरुत्वाकर्षणाची नवी मांडणी करताना आइन्स्टाइननं वापरलं ते हेच गणित.